डबी

खोकल्याच्या गोळ्यांची पत्र्याची डबी,
कौतोकेइनोच्या पेट्रोल पंपावर घेतलेली.
नीलासनं ती तीनदा धुतली, तरी
ज्येष्ठमधाचा वास जाईना.
राहू दे, म्हणाला.

बर्चचं फळकूट: एका अंगाला चारशेचा पॉलिश कागद,
दुसऱ्याला हजाराचा.
फुटक्या निसण्याचा बोटभर तुकडा.
जुन्या बुटाची जीभ कापून काढलेलं चामडं,
त्यावर हिरवी पेस्ट चोळलेली.
सगळं सायकलच्या ट्यूबच्या चकतीनं आवळलेलं,
कारण खुळखुळलं की रेनडिअर बुजतात.

त्याच्या डाव्या मनगटावर
पैशाएवढ्या जागेत केस नाहीत.
तिथं तो धारेला विचारतो.

उद्या एल्ले पहिल्यांदा कुंपणाच्या आत जाणार,
पाडसाच्या कानावर स्वतःची खूण कापायला:
टोकाला तिरका छेद, खाली दोन खाचा.
"किती वेळ घासायचं पण?"
तो दगडावर थुंकला. सुरी फिरवत राहिला.
चहा निवून गेल्यावर म्हणाला,
"बोथट सुरी दोनदा कापते."

बेटावर रात्रीचे दोन. सूर्य तसाच, डास तसेच.
गुडघ्यांत धरलेलं पाडस ऊन ऊन, थरथरतं.
एक छेद. खाच. खाच.
त्यानं कान झटकला
आणि आईच्या हाकेमागं धावलं.

अकराव्या पाडसाला सुरी जराशी अडली.
कुणी बघितलं नाही.
एल्ले दगडाआड जाऊन बसली, डबी उघडली,
आणि ज्येष्ठमधाच्या वासात
पहिल्यांदाच
आपलं मनगट भादरून पाहिलं.