पात्याचा कल

हेरिंगचा कारखाना बंद पडला तेव्हा भंगारात निघाली
ही पट्टाकरवत. छत्तीस इंची चाकं, बिडाचं अंग.
बापाने ती होडीवर आडवी बांधून आणली,
होडी एका कुशीवर, बाप सुकाणूला,
आई किनाऱ्यावर, कमरेवर हात.

तिच्यावर आम्ही खांब चिरतो.
स्ट्रांदिरच्या या किनाऱ्यावर झाड नाही,
जे आहे ते वाहून आलेलं:
सैबेरियाच्या नद्यांतून सुटलेले ओंडके,
बर्फात अडकून चार-चार वर्षं भटकलेले,
मिठात गाभ्यापर्यंत मुरलेले.
त्यांचे खांब, खांबांना तार, तारेआड मेंढ्या.
सगळ्या खाडीला कुंपण हिने पुरवलं
आणि हिला स्वतःला कुंपण नव्हतं.

बाप नुसत्या नजरेने चिरायचा, असं आम्ही म्हणायचो.
माझी नजर त्याची नाही.
माझे खांब बुडाशी मनगट, शेंड्याशी मांडी.

आउस्ग्रीमूर रेकयाविकहून कॅटलॉग घेऊन आला.
जर्मन, ॲल्युमिनियमचं, भिंगाखाली मिलिमीटर.
किंमत वाचून त्याने पान उलटलं,
मग परत मागे उलटलं.
"वर्षाची लोकर," मी म्हटलं.
"अर्ध्या वर्षाची," तो म्हणाला.
मेंढ्यांना कोण विचारतं.

मी बोटीच्या उतारावरचा लोखंडी कोन उपसला,
दोन रविवार गंज घासला,
गुण्या लावला, मेजाच्या खाचेला समांतर बसवला.
केसाचाही फरक नाही.
पहिलाच ओंडका हातभर गेला आणि अडला.
पातं पोटातून वाकलं, धूर, जळक्या राळेचा वास.
कुंपणानेच शेत खाल्लं म्हणतात, ते हे.

वास घेत हॅलफ्रिदूर आली,
ऐंशीच्या पुढची, पिंपांच्या फळ्या चिरण्यात जन्म गेलेली,
उजव्या हाताला चार बोटं.
माझ्या लोखंडाकडे तिने पाहिलंसुद्धा नाही.
एक टाकाऊ फळी घेतली, पेन्सिलीने सरळ रेघ ओढली,
आणि कुंपणाशिवाय, हाताने, रेघ धरून चिरत गेली.
अर्ध्यावर थांबली. "बंद कर."
चाकं थांबायला वेळ घेतात. तोवर तिने फळी हलू दिली नाही.
फळीचं शेपूट डावीकडे सरकलेलं,
थोडंसंच, चहात साखर कमी पडावी इतकं.
तिच्या कडेने मेजावर खूण केली.
"हे."
"हे वाकडं आहे."
"मेजाला वाकडं. पात्याला सरळ.
तू मेज चिरणारेस का?"

मग म्हणाली, दातांच्या पुढे बोटभर ठेव, बाकी काप.
चिरल्यावर लाकूड फाकतं, त्याला जागा लागते.
माझा एक अख्खा रविवार कापून टाकला.
बोल्टला भोक नको, लांबट खाच पाड, म्हणाली. ती का,
ते ऑक्टोबरात कळलं:
एका ओंडक्यात कुणाचा तरी खिळा निघाला,
कुठल्या नदीवर, कुणी ठोकलेला, कशासाठी, देव जाणे.
पातं तुटलं. नवं चढवलं, ते उजवीकडे ओढतं.
पुन्हा फळी, पुन्हा रेघ, पुन्हा "बंद कर",
या वेळी मीच मला.

मेजावर तेल फिरवताना गंजाखाली ओरखडे दिसले.
लहानपणी आम्हाला वाटायचं, बाप तिथे मेंढ्या मोजतो.
सुईने ओढलेले, अकरा,
प्रत्येकाचा कल वेगळा,
काहींशेजारी महिना.

दहा माझ्या खाचेत बसतात.
एक फारच तिरका आहे, एवढं लोखंड फिरतच नाही.
आउस्ग्रीमूर म्हणतो, त्या दिवशी प्यायला होता.
हॅलफ्रिदूर म्हणते, पातं स्वस्तातलं असेल.
मी खाच अजून थोडी कानशीने वाढवतेय.