ईएनटी पोस्टिंग, मे महिना

पहिला आठवडा नुसता आरसा बांधण्यात गेला.
कपाळावर पट्टा, उजव्या डोळ्यापुढे भोक,
रोग्याच्या खांद्यामागे दिव्याचा डबा,
आणि माझा उजेड छतावर, पंख्यावर,
सिस्टरच्या रजिस्टरवर,
एकदा तर समोरच्या माणसाच्या खिशावर.
तिथे खर्र्याची पन्नी, अर्धी घोटलेली.
भोयर मॅडम म्हणाल्या, "निदान झालं. आता घसा बघ."

तुळणकरने एका पोराच्या नाकातून
मोड आलेला हरभरा काढला
आणि दिवसभर डबीत घालून फिरवला.

बाहेर पंचेचाळीस. आत दोन कूलर,
त्यांतला एक विमान सुटल्यासारखा.
पाचशे बाराचा काटा कोपरावर आपटायचा
तर आधी ते बंद करावे लागत.
मग अख्खी रांग घामाने निथळत गप्प उभी,
एका म्हातारीला ऐकू येतं का
हे ऐकत.
"येते ना जी," म्हातारी म्हणाली,
"पण दूरून येते. कामठीहून आल्यावानी."
मी लिहिलं: रिने निगेटिव्ह, डावा कान.
कामठी कुठल्या रकान्यात जाते
ते कुणाला विचारलं नाही.

बळीराम उमाठे, वय अठ्ठावन्न.
कळमन्याच्या यार्डात तीस वर्षं
संत्र्यांचा लिलाव पुकारायचे.
आवाज बसला दिवाळीला, आले होळीनंतर.
"इतके दिवस का थांबलात, काका?"
घोगऱ्या, फाटक्या सुरात म्हणाले,
"मृग बहार निघून जाऊ द्या म्हटलं."

स्पिरिटच्या दिव्यावर छोटा आरसा ऊन केला,
हाताच्या पाठीवर टेकवून पाहिला,
गॉजमध्ये त्यांची जीभ धरली.
"ई म्हणा."
ते ई म्हणाले
आणि माझा उजेड पहिल्यांदाच जागेवर पडला.
उजवी पट्टी पांढरीशुभ्र, सरकत मध्ये आली.
डावी हललीच नाही.
तिच्यावर काहीतरी, फुलकोबीच्या तुऱ्यासारखं.
"दिसलं मॅडम! दिसलं!"
मी ओरडले. मला आनंद झाला होता,
तो लपवून काय करू.
त्यांची जीभ अजून माझ्या चिमटीत होती
आणि ते माझ्याकडे बघत होते.

ऑपरेशनच्या दिवशी मी मागे, स्टुलावर.
चार तास सरांची कोपरं दिसली.
शेवटी ट्रेमध्ये ठेवलेलं स्वरयंत्र.
मला वाटलं होतं, मोठं असेल.

नवव्या दिवशी ड्रेसिंगच्या वेळी गेले.
गळ्याला भोक, त्यावर ओलं गॉज,
नाकात नळी, नळीतून डाळीचं पाणी.
लिहायला पाटी दिली होती,
ती त्यांनी उशीखाली सारलेली.
"काका, दुखतं का खूप?"
त्यांनी उन्हात डोक्याला बांधायचा दुपट्टा ओढला,
माझ्या हातावर टाकला,
आणि खाली, झाकलेलं,
माझी बोटं दाबली.
चार. मग अख्खा पंजा. मग दोन, मधल्या पेरावर.
मी बावळटासारखी बघत राहिले.
थोरला मुलगा डब्याचं झाकण लावता लावता म्हणाला,
"भाव सांगून राहिले जी. जुनी रीत आहे यार्डातली.
तुम्ही बी सांगा."
"पण कशाचा?"
त्याने खांदे उडवले.

मी दोन बोटं दाबली.
उमाठेंनी मान हलवली. नाही.
तीन दाबली.
पुन्हा नाही, आणि भुवया अशा वर
की गिऱ्हाईक अगदीच कच्चं निघालं.
मग त्यांचे खांदे हलायला लागले,
गॉज फडफडलं, एकदा, दोनदा.
खोकला असेल म्हणून मी सक्शनकडे वळले.
मुलगा म्हणाला, "नाही मॅडम, हसून राहिले."

मला कुणी पहिल्यांदाच मॅडम म्हणत होतं.

मागून खऱ्या मॅडमचा आवाज,
"उमाठेंची ट्यूब शेवटची कधी बदलली? कोण सांगतंय?"
उत्तर मला येत होतं.
हात अजून दुपट्ट्याखाली होता
आणि सौदा तुटायचा होता.