दोन मीटर पाच

काणकोणच्या घरात, तांदळाच्या पिंपामागे
तीस वर्षं उभ्या होत्या माझ्या स्की.
दोन मीटर पाच सेंटीमीटर, सरळसोट.
खाऱ्या वाऱ्यानं कडा गंजायच्या,
मी खोबरेल चोळायचो.
शेजारचा कायतान दर मे महिन्यात विचारी,
"ह्या फळ्या दी रे, सोलां सुकत घालतां."
मी म्हणायचो, अरे, यांच्यावरून मी
गुलमर्गचा अख्खा डोंगर उतरलोय.
खरं तर अर्धा.
उरलेला पाठीवर.

गेल्या हिवाळ्यात गुडघा बोलला.
दुकानातल्या पोरानं नव्या काढल्या:
हनुवटीएवढ्या, कमरेत बारीक.
पहिल्याच उतारावर जुन्या सवयीनं
मी सगळं अंग पिळून वळवलं,
तर त्या आधीच वळून
माझी वाट बघत होत्या.
लाज वाटली थोडी.
इतकी वर्षं कसब म्हणून मिरवलं
ते निम्मं लाकडाशी भांडण होतं.

मोठ्या डोंगरावर आता जात नाही,
तिथे पाय रांगेतच गारठतात.
एक लहानसा उतार सापडलाय.
एक दोर, एक मोटर.
ती अडली की नेगीकाका तिला शिव्या
आणि मला चहा देतात.
कायतान म्हणाला, "म्हणजे माझ्यासारखंच.
पाळोळें सोडलें, गालजीबागेंत न्हातां."

काल जुन्या स्की गच्चीवर आडव्या टाकल्या.
मधोमध अजून कमान आहे,
सोलं घरंगळतात दोन्हीकडे.
कायतान खाली दगड लावून बघतोय.
मी त्याला सांगितलं नाही
की ती कमान बसायला
वर माणूस उभा लागतो.