वहीची मागची बाजू

तिसऱ्या रेल्वे गेटाजवळ किल्लेदारचं सायकल दुकान,
त्याच्या वरच्या खोलीत आमचा पक्ष जन्मला.
खुर्च्या नऊ, त्यातली एक तीन पायांची.
तिच्यावर मी बसायचो;
इतिवृत्त लिहिणारा तसाही पुढं वाकलेलाच असतो.

नवी वही आणायला पैसे नव्हते.
युनियनचीच उलटी धरली,
मागच्या पानापासून पक्ष सुरू केला.
पुढून वर्गणी, मागून राजकारण,
मध्ये कुठंतरी गाठ पडेल, परशराम मजूकर म्हणाला.
त्याच्या डाव्या पावलावर ओतीव लोखंडाचा डाग
अजून नाण्याएवढा चकाकतो.

पहिलं भांडण पाटीवरून.
मराठी वर की कन्नड वर?
दोन रविवार गेले. चहाचं बिल एकशे चाळीस.
शेवटी कोअर शॉपातली बसव्वा,
बोटांच्या रेघांत वाळू मुरलेली, म्हणाली,
"वरखाली कशाला? शेजारी-शेजारी लिवा की.
भिंत रुंद हाय."
मी लिहिलं: एकमताने मंजूर.
दोघं उठून गेले होते, ते लिहिलं नाही.

जाहीरनामा दीड पान.
भट्टीपाशी प्यायचं पाणी.
बायकांच्या संडासाला आतून कडी.
उद्यमबागेपासून अनगोळपर्यंत रस्त्याला दिवे.
क्रांती कुणी खोडली नाही,
तिच्या वाट्याला शेवटची अर्धी ओळ आली.

परशराम एकतीस मतांनी निवडून आला.
महापौर ठरायच्या दिवशी
दोन्ही बाजूंच्या गाड्या गल्लीत.
किल्लेदारला वाटलं, पंक्चर आहे.
परशरामनं मत दिलं, बदल्यात दिवे मागितले.
सगळ्या शेडमध्ये एकच शब्द: विकला.
मीही घरी तेच म्हणालो
आणि भरल्या ताटावरून उठलो.

मागितले एकोणीस खांब, आले अकरा.
बसव्वा उशिरा सुटते, मोजत जाते,
अकराव्याला मोठ्यानं म्हणते, हन्नोंदु.
त्यापुढचा तुकडा ती पूर्वीसारखाच
चप्पल हातात घेऊन भरभर चालते.

काल वही उघडली.
वर्गणी आणि राजकारण यांच्यामध्ये
सात कोरी पानं उरलीत.
त्या अर्ध्या ओळीसाठी ती राखून ठेवावीत
की उरलेल्या आठ खांबांचा अर्ज लिहावा,
हा विषय वेळेअभावी
पुढच्या बैठकीत.