हवनसाहेबांचा ठसा

पितळेची दोनशे नाणी, शंभर किचेन,
आणि टपालखात्याचं एक पाकीट, एकाच दिवसाच्या शिक्क्याचं.
ऑर्डर घेऊन नंदेश्वर सर इतवारीत दुकानी आले
तेव्हा कूलरचा वाळा वाळून खडखडत होता.
"चेहरा?" मी विचारलं.
"तोच नाही ना भाऊ."

होवानेस मेलिकियान. इस्फहानचा अर्मेनियन.
बसरा, कराची, मग
काहून कोण जाणे, नागपूर.
जीभ वळेना म्हणून लोकांनी त्याला हवनसाहेब केलं
आणि त्यानं ते नाव घेतलं, जशी भाड्याची खोली घेतात,
आधीच्यांच्या खिळ्यांसकट.

फोटो एकच. तंबूत गर्दी, सगळे पडद्याकडे तोंड करून,
आणि कडेला, यंत्राच्या दांड्यावर,
मनगटापर्यंत एक हात.
समितीला हात नको होता. हाताला हार कसा घालणार?
शेवटी कुठूनतरी एक दाढीवाला आणला.
अर्मेनियनच आहे, सर म्हणाले, चालून जाईल.
मी कोरला. धंदा आहे.

त्याचा पडदा महालातल्या कोष्ट्यांनी विणलेला,
सलग, बिनशिवणीचा.
शिवण आली की नटीच्या गालावर वण दिसतो म्हणायचा.
पुढून बघायला दोन आणे, मागून बघायला एक,
आणि मागच्यांना दिसावं म्हणून कापड ओलं ठेवायचं.
त्यात नागपूरचा उन्हाळा. एका रिळात कोरडं ठक्क.
तर बादली देऊन एक पोट्टा ठेवलेला.
पगार: फुकट सिनेमा. मागून.

तो माझा आजा.
शाळा नाही. अक्षरं शिकला ती तिथंच,
ओल्या कापडातून, उलटी.
क चं पोट भलतीकडे, र चा पाय भलतीकडे.
गावाहून चिठ्ठी आली की
आधी आरसा मागायचा म्हणे.
असल्या माणसाला काम कोण देणार?
ठसेवाल्यानं दिलं.

नाणी गेली. सत्कार झाला, भाषणं झाली,
पाहुण्यांनी दाढी खिशात टाकली.
काल सर ठसा मागायला आले, काचेत ठेवू म्हणाले.
सापडत नाही, म्हटलं.

गल्ल्याखालच्या खणात आहे.
चेहऱ्याची बाजू नाही, नावाची.
हवनसाहेब,
उजवीकडून डावीकडे,
आजानं वाचलं असतं तसं.