जागल

अंबादास दिवाळीला आला,
बॅगेतला निळा शर्ट धुऊन तारेवर टाकला.
पाठीवर पिवळी इंग्रजी अक्षरं: गार्ड.
आई म्हणाली, "हे काय लिवलं व?"
मी म्हटलं, "जागल्या."
तो हसला नाही.

आमच्या शाळेत एक जाड कोश आहे,
पोषण आहाराच्या तांदळाशेजारी ठेवलेला,
कडा उंदरांनी वाचून संपवलेल्या.
त्यात मी त्या शब्दाचा माग काढला,
ओल्या बांधावर डुकराचा काढतात तसा.

आधी तो जर्मन रानातल्या टोळ्यांचा होता.
‘व’ने सुरू व्हायचा. अर्थ एवढाच: पाहत राहणे.
टोळ्या फ्रान्सात उतरल्या, तिथल्या जिभेला
तो ‘व’ पेलेना,
तिनं पुढं ‘ग’ ठोकला, हलत्या दाराला पाचर.

आमच्याकडे ‘ळ’चा ‘य’ होतो,
शाळेची शाया, डोळ्याचा डोया.
त्यावरून मी पोरांना रागावते.
परवापासून जरा कमी.

उत्तरेकडच्या फ्रेंचांनी मात्र ‘व’ सोडला नाही.
दोन्ही उच्चार समुद्र ओलांडून इंग्रजीत गेले,
म्हणून अंबादास गार्ड
आणि दारव्ह्याच्या वसतिगृहात त्याच्या पोरीवर
डाफरणारी बाई वॉर्डन.
एकाच घरची लेकरं,
रस्त्यात भेटली तर ओळखणार नाहीत.

बाबा हरभऱ्यात जागलीला जायचे.
मचाणावरून डबा बडवायचे, रोह्यांना शिव्या द्यायचे.
मधेच गप्प झाले की आम्ही समजायचो,
डोया लागला.
दाणे गेले तर गेले.

अंबादासचा एकदा लागला,
पहाटे, बी विंगच्या गेटवर.
कॅमेऱ्यात सापडला. तीनशे कापले.
"पायणाऱ्याले पायणारा असते तिथं," म्हणाला.

कोशात पुढे कुठंतरी रिवॉर्ड सापडला.
तोच धातू, आधी ‘पुन्हा’ जोडलेला.
बक्षीस म्हणजे मुळात
कुणीतरी दुसऱ्यांदा वळून पाहणं.
हे मी त्याला सांगणार होते.

तो तांब्यात निखारे भरत होता.
शर्ट उलटा करून, अक्षरांचा रंग उखडू नये म्हणून
मागच्या बाजूनं हळूहळू तांब्या फिरवत राहिला.
मी विचारलं, "झोप होते का रे तिथं?"
"दिवसा होते," म्हणाला.
"खिडकीले पडदा नाई.
ऊन येते डोयावर."