तीनशे एकवं युनिट

मे महिना, भुसावळ. रात्रीचे अकरा,
भिंती अजून हात लावू देत नाहीत.
निनादच्या खोलीत मात्र बर्फ पडतोय.
बर्फातून एक माणूस पळतो, बंदूक घेऊन,
आणि टेबलाखालच्या खोक्यातून
तीन पंख्यांची गरम फुंकर माझ्या पोटरीवर.

कूलर खिडकीतून गारवा ढकलतो,
कार्ड तो गिळून टाकतं.
दोघांचंही बिल एकाच नावावर: झोपे, मु. वि.

मागच्या महिन्यात तीनशेचा स्लॅब ओलांडला.
जिन्याखाली मीटरसमोर स्टूल टाकून बसलो.
लाल ठिपका मोजला. मिनिटाला बत्तीस.
‘थांबव जरा!’ वर ओरडलो. त्यानं खेळ थांबवला.
मिनिटाला चौदा.

म्हणजे अठरा ठिपके
त्या बर्फाचे.

एकतीस वर्षं दीपनगरला कोळशाच्या वाघिणी रिकाम्या केल्या,
युनिटमागे किती किलो, झोपेतही सांगेन.
त्याला म्हटलं, तुझा तो पांढरा डोंगर
रोज दीड किलो काळा जाळतो.
‘बाबा, वजनात नका ना सांगू.’

‘खेयू दे त्याले,’ कुमुद म्हणाली,
‘उन्हात तं नाही ना हिंडत.’

डिसेंबरात गुडघे धरले
की बिलांची फाईल घेऊन मी त्याच्याच खोलीत जातो,
खोक्याजवळ पाय लांब करतो.
फाईल उघडत नाही.
‘अजून किती?’
‘संपतच आलं.’
‘घाई नको.’